बुरशीचं पान

वेंगुर्ल्याच्या आमच्या वाचनालयात
आषाढ सरत आला की मी कपाटं उघडते
आणि बुरशी पुसते. कोरडं फडकं, थोडं स्पिरिट,
नाकाला रुमाल.
सभासदांच्या वहीत हिचं नाव नाही,
अनामत नाही, दंड नाही,
तरी सगळ्यांत जास्त पुस्तकं हिनंच नेली,
जागच्या जागी.

यंदा रुचिता गिरप आली. सातवी ब.
"बुरशी म्हणजे काय, उदाहरणांसहित. उद्यापर्यंत."
मी कोशाचा खंड काढला.
बुद्धिबळ होतं, बुरूज होता,
मधलं पान बोट लागताच
दुधावरच्या सायीसारखं निघून आलं.
'...वनस्पती नव्हे' एवढंच उरलं होतं,
पुढे भोक.
रुचिता हसली नाही. म्हणाली,
मग आपणच लिहू या की.

इनास फर्नांडिसच्या भट्टीत
परातीवर ओलं फडकं. त्यानं ते उचललं
आणि मैद्याचा गोळा हळूच खाली बसला,
झोपेतून उठवल्यासारखा.
"आजोबा माडी घालायचे, मी पुडीतलं घालतो.
आत तीच बाई. साखर खाते,
ढेकर देते, त्यावर पाव फुगतो."
रुचितानं लिहिलं: यीस्ट. ढेकर.
खोड, असं मी म्हटलं नाही.

मसाल्याच्या दुकानात दगडफूल हुंगलं.
फूल नव्हेच ते. एका शेवाळानं नि एका बुरशीनं
थाटलेलं बिऱ्हाड: एकानं रांधायचं,
दुसऱ्यानं छप्पर धरायचं.

होड्या वर ओढलेल्या, मासळी बाजार अर्धा.
रुचिताच्या आईपुढे खाडीतल्या चार कुर्ल्या,
नांग्या सुंभानं बांधलेल्या.
हिचं कवच ज्याचं, मी म्हटलं,
त्याचंच अस्तर बुरशीच्या धाग्यांना.
बुरशीला तोंड नाही.
अन्नावर आधी रस सोडते, बाहेरच पचवते,
मग पिऊन घेते.
आई कुर्लीकडे बघत राहिली.
"म्हणजे ही कुर्लेची भावकी?"
असेल. झाडापेक्षा तर आपल्यालाच जवळची.
"माका नको असली भावकी," ती म्हणाली,
"आंब्याच्या मोहरार भुरी इली,
गेल्या साली भावाची बाग गेली."
रुचितानं तेही लिहिलं. भुरी. मामा.

नाक्यावर द्वारकी राऊळ
सागाच्या पानात अळंबी घेऊन बसलेली,
देठांना लाल माती, टोप्या अजून मिटलेल्या.
वाळवी जमिनीखाली पेरते, राखते,
आपण वरचं फळ तेवढं खुडतो;
खरं अंग खाली, धाग्याधाग्यानं,
रोवणीच्या पोटात.
कुठली रोवण? रुचितानं पेन सरसावलं.
"जागो सांगूचो नसता, बाये.
माझ्या आवशीन माका
मराच्या टायमाक सांगल्यान."
पेन थांबलं. तिथे रुचितानं
एक ओळ मोकळी सोडली.
खाली मी लाल शाईनं लिहिलं:
जाणत्यानं ओळखल्याशिवाय
एकही तोंडात घालू नये.

परतताना ती बराच वेळ गप्प.
मग बाही वर केली. मनगटाच्या वर
एक गोल, काठ तांबूस, मध्ये कोरडा.
"आणि हा नायटा?"
तीच.
"म्हणजे मीपण उदाहरण."
दवाखान्यात जा उद्या, मी म्हटलं,
मलम देतील.
ती मान डोलावत हसली, दिवसात पहिल्यांदा,
आणि यादीत शेवटी
स्वतःचं नाव घातलं.

तिच्या वहीतून मी सगळं उतरवून घेतलं,
ढेकर, मामा, मोकळी ओळ,
आणि कोशात भोकाच्या जागी डकवलं,
बुद्धिबळ आणि बुरूज यांच्यामध्ये.
खळ घरचीच, मैद्याची.
मोरचूद घालायचं राहून गेलं,
असं म्हणू या.